पोंगा उघडून बघा

(दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. गुडघ्याएवढा मका. पानांवर दव.)

सिल्लोड तालुक्यातलं हे मक्याचं रान. पेरणीला आज २३ दिवस झालेत. दोन ओळींमधून चालताना कपडे गुडघ्यापर्यंत ओले होतायत. बांधावरून बघितलं तर पीक असं जोमात आहे की कुणाची दृष्ट लागावी.

पण बांधावरून नका बघू. आत या. हे एक ताट बघा. मधली कोवळी पानं, अजून न उलगडलेली, म्हणजे पोंगा. त्याच्या तोंडाशी ओलसर, पिवळट-तपकिरी भुसा साचलाय. करवतीखाली पडतो तसाच दिसतो, पण ही अळीची विष्ठा आहे. बोटाने ती बाजूला सारायची, पानांची गुंडाळी हलक्या हाताने उलगडायची. ही बघा. मातकट रंगाची, अंगावर फिकट पट्टे. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढावा तशी पांढरट खूण. आणि शेपटाकडे, शेवटून दुसऱ्या वळ्यावर, चार ठळक काळे ठिपके. बाजेच्या चार पायांसारखे, चौकोनात.

या दोन खुणा दिसल्या की दुसरं काही विचारायला नको. ही अमेरिकन लष्करी अळी.

(दृश्य : जगाचा नकाशा. अमेरिकेकडून आफ्रिकेकडे, तिथून भारताकडे सरकणारी रेषा.)

आपल्या बापजाद्यांना ही माहीत नव्हती. तिचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. २०१६ च्या सुरुवातीला ती पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोनच वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडच्या बहुतेक देशांत पसरली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या परिसरात शास्त्रज्ञांना ती मक्यावर दिसली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यात होती. पुढच्या खरिपात मराठवाडा, खानदेश, नाशिक, विदर्भ, जिथे मका तिथे ही.

इतक्या लवकर कशी पोचली? तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो, वारा सोबतीला असला तर त्याहून लांब. आणि दुसरं कारण आपल्याच गावांमध्ये आहे. अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात ही अळी तग धरत नाही. दरवर्षी दक्षिणेच्या उबदार भागातून पतंग पुन्हा वर सरकतात, शरद ऋतूपर्यंत उत्तरेत पोचतात. म्हणून तिकडच्या 'फॉल आर्मीवर्म' या नावातच तो ऋतू आला, फॉल म्हणजे शरद. आपल्याकडे तशी कडक थंडी नाही. खरिपाचा मका निघाला की रब्बीचा उभा, रब्बीनंतर उन्हाळी. शिवाय दुभती जनावरं असलेल्या प्रत्येक गावात वैरणीसाठी मक्याचा एखादा तुकडा बारा महिने हिरवा असतोच. तिचं जेवण कधी खंडतच नाही. मका संपला तर ज्वारी आहे, ऊस आहे. साडेतीनशेहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे.

(दृश्य : रात्र. बॅटरीच्या उजेडात पानावर बसलेला करडा पतंग.)

मादी रात्री पानावर अंडी घालते. एका पुंजक्यात शंभर ते दोनशे. आणि त्यावर आपल्याच अंगावरच्या केसांचं, खवल्यांचं पांघरूण घालते, त्यामुळे पानावर मळकट कापूस चिकटल्यासारखा दिसतो. एक मादी आयुष्यभरात हजारावर अंडी घालू शकते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेल्या अळ्या इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना मुश्किलीने दिसतात. तोंडातून रेशमाचा धागा सोडतात, वाऱ्यावर झुलतात आणि शेजारच्या ताटांवर उतरतात.

सुरुवातीला त्या पान पूर्ण खात नाहीत. वरचा हिरवा थर खरवडतात आणि पातळ पापुद्रा मागे ठेवतात. पानावर लांबट पांढऱ्या खिडक्या दिसतात, उजेडात धरलं तर आरपार दिसावं अशा. मला विचाराल तर या सगळ्या चित्रपटात लक्षात ठेवण्यासारखं दृश्य हेच, हा पांढरा पापुद्रा. कारण या वेळी अळी पानावर उघडी असते, कोवळी असते, साध्या निंबोळी अर्काने मरते. आठ-दहा दिवस गेले की ती पोंग्यात शिरते आणि विष्ठेचं बूच लावून घेते.

अळी सहा अवस्थांतून जाते. साधारण १४ ते २२ दिवसांचा हा प्रवास. पण सगळ्यात जास्त खाणं शेवटच्या अवस्थेत. आयुष्यात ती जेवढं पान खाते त्यातलं तीन चतुर्थांशाच्या आसपास एकट्या सहाव्या अवस्थेत फस्त होतं. म्हणूनच शेतकरी म्हणतो, "परवापर्यंत काहीच नव्हतं, एका रात्रीत रान खाल्लं." एका रात्रीत खाल्लेलं नसतं. ती दोन आठवडे तिथेच होती, लहान होती.

पोंग्यात मोठी अळी बहुधा एकटीच सापडते, फार तर दोन. कारण त्या एकमेकींनाच खातात.

(दृश्य : खुरपणी करणाऱ्या बायका. एका बाईच्या हातात पान.)

आता ही ओळ बघा. खुरपणी चालू आहे. मक्याच्या इतक्या जवळ, इतका वेळ, दुसरं कुणी बसत नाही. औषधाच्या दुकानात जातो तो घरातला पुरुष, कृषी खात्याच्या मेळाव्यात बसतो तोही पुरुष. पण पेरणीनंतरच्या पंधराव्या ते तिसाव्या दिवसांत, म्हणजे नेमकं जेव्हा पीक वाचतं किंवा जातं, तेव्हा प्रत्येक ताटाशेजारून सरकतात त्या या मावश्या. त्यांना अंड्यांचा पुंजका कसा दिसतो हे एकदा दाखवलं, की खुरपता खुरपता त्या ते पान खुडून ओच्यात टाकतात. एक पुंजका चिरडला म्हणजे दीडशे अळ्या गेल्या. या कामाला पंप लागत नाही, पेट्रोल लागत नाही. पण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझी कळकळीची विनंती आहे, कुठलाही शेतीचा वर्ग घ्याल तो खुरपणीच्या बांधावर घ्या.

(दृश्य : शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालणारा तरुण. हातात वही.)

मोजायचं कसं? धुऱ्याच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरायचं आणि नागमोडी, डब्ल्यूच्या आकारात चालायचं. पाच ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी वीस ताटं बघायची. झाली शंभर. पीक लहान असताना शंभरात पाच ताटांवर ताजा प्रादुर्भाव दिसला तर हालचाल करायची. पोंगा भरात असताना ही मर्यादा दहा ते वीसवर जाते.

ताजा हा शब्द महत्त्वाचा आहे. फाटलेलं पान पाहून घाबरू नका. मक्याचा कोंब शाबूत असेल तर नवीन पानं येतात, ताट सावरतं. फाटलेलं पान ही जुनी गोष्ट असू शकते. ओली विष्ठा आहे का? आत जिवंत अळी आहे का? हे नसेल तर फवारलेलं औषध म्हणजे मातीत घातलेले पैसे. जोराचा पाऊस झाला की पोंग्यात पाणी साचून कित्येक लहान अळ्या बुडतात, तेव्हा पावसानंतर पुन्हा एकदा मोजा. आणि पावसाची उघडीप लांबली तर दोन दिवसांआड जा, कारण तेव्हा ती जोर धरते.

शेतात कामगंध सापळे लावलेत, म्हणजे मादीच्या वासाने पतंगांना ओढणारे, एकरी पाच. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे सापळ्यांनी पीक राखलं जाईल असं समजू नका. सापळा निरोप देतो. पतंग पडायला लागले की अंडी आलीच म्हणून समजायचं, आणि पोंगे उघडायला सुरुवात करायची.

(दृश्य : बियाण्याला औषध चोळताना हातमोजे घातलेले हात.)

खरं तर काम पेरणीच्या आधी सुरू होतं. सायन्ट्रानिलिप्रोल आणि थायामेथोक्झाम यांच्या मिश्रणाची बीजप्रक्रिया, किलोला सहा मिली, पहिले पंधरा-वीस दिवस राखण करते. गावाची पेरणी आठ-दहा दिवसांत उरकली तर फार फरक पडतो. कुणाचा मका आज उगवलाय, कुणाचा पंधरा दिवसांनी, असं चालू राहिलं की पतंगाला सतत कोवळं पान मिळत राहतं. मक्यात तूर, उडीद, मूग घ्या, कडेने गजराज गवताच्या तीन-चार ओळी लावा. एकरी दहा पक्षिथांबे रोवा. काही नको, टी आकाराची काठी पुरते. कोतवाल आणि साळुंक्या आपलं काम जाणतात.

पहिल्या महिन्यात पोंग्यात वाळू-चुना टाकण्याचीही शिफारस आहे. नऊ घमेली वाळूला एक घमेलं चुना, चिमूट चिमूट. एकराला माणसं लागतात, हे खरं. अर्ध्या एकराच्या वैरणीच्या तुकड्याला मात्र मी हेच सांगेन, कारण ती वैरण गायीच्या पोटात जायची आहे.

पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून शंभर लिटर करायचं. अंडी आणि पापुद्र्याच्या टप्प्यावर हे उत्तम. हवेत दमटपणा असेल तर नोमुरिया ही बुरशी फवारा. श्रावणात तुम्हाला पानावर चिकटलेल्या, कडक झालेल्या, पांढऱ्या-हिरवट भुकटीने माखलेल्या अळ्या दिसल्या असतील. ती हीच बुरशी, आपल्या रानात आपोआप येते. बेसुमार फवाऱ्याने आपण अळीबरोबर तिचे वैरीही मारतो, ढालकिडे, कोळी, अंड्यांत अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस या इवल्या गांधीलमाश्या.

(दृश्य : संध्याकाळ. पाठीवर पंप घेतलेला शेतकरी, तोंडाला मास्क.)

मर्यादा ओलांडली तर रासायनिक औषध मारावं लागतं, त्यात कमीपणा नाही. स्पिनेटोरम ११.७ टक्के, लिटरला अर्धा मिली. किंवा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के, लिटरला ०.४ मिली. किंवा इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम. यातलं एक वेळी एकच. चित्रीकरणासाठी फिरताना एका दुकानात मी समोर पाहिलं, एका शेतकऱ्याच्या पिशवीत तीन वेगवेगळी कीटकनाशकं एकत्र मारायला म्हणून दिली गेली. तिप्पट खर्च, आणि अळीला तिन्हींची ओळख एकाच दिवशी.

ही ओळख महागात पडते, अळी औषधाला सरावते. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर कीडरोधक बीटी मका होता, तिथेच २००६ च्या सुमारास या अळीने त्या मक्याला दाद देणं बंद केलं. आपल्याकडे बीटी मक्याला परवानगी नाही, हातात आहेत ती एवढीच मोजकी औषधं. म्हणून गट बदलत राहायचे. बियाण्याला सायन्ट्रानिलिप्रोल लावलं असेल तर पहिली फवारणी क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलची नको, दोन्ही एकाच कुळातली आहेत.

आणि मारायचं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, अळी पोंग्याबाहेर तोंड काढते तेव्हा. नोझल थेट पोंग्यावर. पानांना वरवर आंघोळ घालून पोंग्यातल्या अळीला काही होत नाही.

मका छातीच्या वर गेला की पंप घेऊन आत शिरू नका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. पीक उंच, आणि औषध तोंडाच्या पातळीवर. डोक्याएवढ्या मक्यात तेच होतं. तुरा आल्यावर फवारून हाती फारसं लागतही नाही. तेव्हा कणसात शिरलेल्या अळ्या हाताने वेचा. एवढ्या पिकासाठी कुणाच्या घरचा माणूस जाऊ नये.

(दृश्य : पानावर एका रेषेत पडलेली बारीक भोकं.)

जाता जाता जुन्या शत्रूलाही विसरू नका. पानावर एका रेषेत, सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली आणि मधला सुरळीचा कोंब वाळून सहज उपटून आला, तर तो खोडकिडा. आपल्या ज्वारी-मक्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा. पोंगामर झालेलं ताट उपटून नष्ट करायचं. त्याची अळी काढणीनंतर धसकटांत दडून राहते.

(दृश्य : काढणी झालेलं रान. नांगराच्या मागे चालणारे बगळे.)

आणि म्हणूनच शेवटचं काम हे. मळणी झाली, मका बाजारात गेला, तरी रानात धसकटं आहेत, आणि दोन-तीन इंच खोल मातीत लष्करी अळीचे लालसर तपकिरी कोष आहेत. आठ-दहा दिवसांत त्यातून पतंग निघतील. हे कोष उन्हाला लागले, पक्ष्यांच्या नजरेला पडले, की संपतात. हे बघा, ट्रॅक्टर वळलाय. तासाच्या कडेने बगळे पुढे सरकतायत, ढेकूळ उलटलं की चोच घालतायत. मागून घरची आजी हातात पाटी घेऊन चालतेय, धसकटं वेचत. बांधापलीकडे शेजाऱ्याच्या वैरणीचा मका हिरवागार उभा आहे, पेरून बारा दिवस झालेत. उद्या सकाळी या घरातला मुलगा तिकडे जाणार आहे, पोंगे बघायला.