धुराड्यापासून पांढऱ्या मुळीपर्यंत

[दृश्य : उंच चिमणी, तिच्या पायथ्याशी वाहक पट्ट्यावरून पडणारी पांढरी भुकटी]

पट्ट्यावरून एकसारखी घसरत येणारी ही पांढरी, किंचित ओलसर भुकटी लांबून पिठासारखी दिसते. मुठीत घेऊन दाबली तर तिचा मुटका वळतो आणि बोटाने टोचताच तो फुटतो. हे जिप्सम आहे, परंतु ते कोणत्याही खाणीतून काढलेले नाही. मागे उभी असलेली चिमणी जो वायू आकाशात सोडणार होती, त्या वायूतून ते वेगळे केलेले आहे. ज्या पदार्थाला कारखान्याच्या हिशेबात आजही अनेकदा ‘टाकाऊ’ म्हणून नोंदवले जाते, त्याचा फळबागेच्या मातीशी काय संबंध आहे, हे समजून घेण्यासाठी आधी या धुराड्याच्या आत डोकवावे लागेल.

दगडी कोळशात गंधक असते. कोळसा जळताना त्याचे सल्फर डायऑक्साइड होते, आणि तो मोकळा सुटला तर हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून पावसाबरोबर आम्लरूपाने खाली येतो. कारखानदारीच्या शहरांवर पडणाऱ्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली या पावसाला ‘आम्लवर्षा’ असे नाव दिले. दुखणे ओळखले गेले, पण उपायाला फार काळ लागला. जुन्या चित्रफितीत दिसणारे हे लंडनचे बॅटरसी वीजकेंद्र आहे. १९३० च्या दशकात तेथे धूर थेम्स नदीच्या पाण्याने धुतला जात असे. त्यामुळे हवेत जाणारे गंधक कमी झाले, मात्र धुतलेले पाणी पुन्हा नदीतच सोडले जाई. घाण एका दारातून काढून दुसऱ्या दारात नेऊन ठेवल्यासारखाच तो प्रकार होता.

[दृश्य : धूर धुण्याचा मनोरा, निरीक्षण-खिडकीतून दिसणारे फवारे]

आजच्या मनोऱ्यात हे काम निराळ्या रीतीने होते. चुनखडी अतिशय बारीक दळून तिचे दुधासारखे द्रावण करतात आणि वर चढणाऱ्या धुरावर ते वरून फवारतात. खिडकीच्या काचेवर आदळणारे हे पांढरे थेंब त्याच द्रावणाचे आहेत. वायूतले गंधक चुनखडीतल्या कॅल्शियमला बिलगते आणि प्रथम कॅल्शियम सल्फाइट तयार होते. शेतीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची पायरी याच्या पुढची आहे. सल्फाइट ताजे असताना मुळांना अपायकारक ठरू शकते, म्हणून मनोऱ्याच्या तळाशी साचलेल्या द्रावणातून जोराने हवा सोडली जाते. खदखदणाऱ्या या टाकीत सल्फाइटला प्राणवायू मिळतो, त्याचे सल्फेट होते आणि पाण्याचे रेणू सोबत घेऊन त्याचे स्फटिक बनतात. भिंगाखाली हे स्फटिक पाहिले की त्यांच्या सरळ कडा आणि चमक स्पष्ट दिसते. जमिनीखाली निसर्गाने घडवलेल्या जिप्समची रासायनिक रचना अगदी हीच असते.

शुद्ध जिप्सममध्ये वजनाने सुमारे २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्क्यांहून थोडे अधिक गंधक असते. एक टन गंधक या रीतीने पूर्ण पकडले गेले, तर त्यातून जवळजवळ साडेपाच टन जिप्सम तयार होते. हे ढीग एवढे मोठे का दिसतात, याचे उत्तर या गणितात आहे. यातला बराच माल घरबांधणीच्या तक्त्यांसाठी जातो, आणि जो जात नाही तो असा उघड्यावर साचत राहतो.

[दृश्य : जुनी छायाचित्रे, पोलादाची भट्टी]

कारखान्यात उरलेले द्रव्य शेताला देण्याचा विचार नवा नाही, आणि त्याची सर्वांत सुरस कथा पोलादाच्या भट्टीपाशी सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पोलाद झपाट्याने बनवण्याची रीत सापडली होती, पण ज्या लोहखनिजात फॉस्फरस असे, त्याचे पोलाद ठिसूळ निघे. युरोपातली मोठमोठी खनिजक्षेत्रे यामुळे पोलादाच्या दृष्टीने जवळजवळ वाया गेली होती. हे कोडे ज्याने सोडवले तो सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस न्यायालयात कारकून होता आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रसायनशास्त्र शिकत होता. वेल्समधल्या एका लोखंडाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या आपल्या चुलतभावाच्या, पर्सी गिलख्रिस्टच्या, साहाय्याने त्याने भट्टीचे अस्तर आम्लधर्मी विटांऐवजी अल्कधर्मी द्रव्याचे केले आणि वितळलेल्या लोखंडात चुना घातला. चुन्याने फॉस्फरस ओढून घेतला आणि तो मळीच्या रूपाने वर तरंगू लागला. १८७९ साली मिडल्सब्रो येथे ही रीत जाहीरपणे करून दाखवण्यात आली.

पोलाद सुधारले, परंतु भट्टीशेजारी या मळीचे डोंगर उभे राहू लागले. तिच्यात चुना होता आणि फॉस्फरसही होता, म्हणजे आम्लधर्मी मातीला जे हवे असते ते दोन्ही होते. ही मळी पिठासारखी बारीक दळली की मातीतल्या सौम्य आम्लात तिच्यातला फॉस्फरस हळूहळू मोकळा होतो, हे ध्यानात आल्यावर जर्मनीत ती ‘थॉमस पीठ’ या नावाने पोत्यांतून विकली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये कॉकल पार्क येथे १८९० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांत निकृष्ट कुरणांवर ही मळी पसरल्यावर पांढरे क्लोव्हर ही चाऱ्याची वनस्पती आपोआप दाटून आली आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्यांचे वजन वाढले. थॉमस मात्र १८८५ सालीच, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, फुफ्फुसाच्या विकाराने गेला. आजच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीत फॉस्फरस पूर्वीइतका नसतो. तिच्यातला चुना आणि सिलिका मात्र आजही उपयोगाची आहे.

[दृश्य : फळबाग, झाडाच्या ओळी, मातीत खणलेला चर]

आता बागेकडे वळू. हंगामी पिकाच्या शेतात दरवर्षी नांगर फिरतो, त्यामुळे वर पसरलेले कोणतेही द्रव्य मातीत खोलवर मिसळता येते. फळझाड एकदा लागले की वीस-पंचवीस वर्षे, काही जातींत त्याहूनही जास्त काळ, त्याच जागी उभे असते. त्याच्या बुंध्याभोवती खोल नांगर घातला तर मुळ्या तुटतात. म्हणून बागेत जे काही द्यायचे ते वरून, आळ्यात किंवा ओळींमधल्या पट्ट्यात द्यावे लागते, आणि ते खाली नेण्याचे काम पाण्यावर सोपवावे लागते.

चुनखडी आणि जिप्सम यांच्यातला फरक इथे कळीचा ठरतो. एक लिटर पाण्यात जिप्सम सुमारे दोन ते अडीच ग्रॅम विरघळते. शुद्ध पाण्यात चुनखडी त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही विरघळत नाही. वर टाकलेली चुनखडी वरच्या थरातच अडकून राहते आणि खालचा थर वर्षानुवर्षे आंबटच राहतो. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आंबट) ५ च्या खाली घसरला की खनिजांत बंदिस्त असलेले ॲल्युमिनियम पाण्यात उतरते आणि मुळांच्या टोकांना जाळते. चराच्या भिंतीवर दिसणारी ही मुळी पाहा. ती खाली जाता जाता एका रेषेवर थांबली आहे, जाड आणि आखूड झाली आहे आणि आडवी वळली आहे. त्या रेषेखाली ओल आहे, पण झाडाला ती मिळत नाही. जिप्सम सामू फारसा वाढवत नाही. ते पाण्याबरोबर त्या रेषेच्या खाली उतरते, मुळांना कॅल्शियम पुरवते आणि त्यातले सल्फेट ॲल्युमिनियमला बांधून त्याची बाधा कमी करते. म्हणूनच ज्या बागेत वरचा आणि खालचा असे दोन्ही थर आंबट आहेत, तिथे चुना आणि जिप्सम एकमेकांना पर्याय ठरत नाहीत, ते जोडीनेच द्यावे लागतात.

[दृश्य : टेबलावर दोन काचेच्या नळ्या]

चोपण, म्हणजे सोडियम जास्त झाल्याने घट्ट बनलेल्या, जमिनीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती शब्दांपेक्षा या दोन नळ्यांत अधिक चांगली दिसते. दोन्हींत एकाच बागेतली चोपण माती आणि ऊर्ध्वपातित पाणी आहे. दोन्ही नळ्या हलवून ठेवल्या. डावीकडची नळी तासाभरानंतरही गढूळ आहे, कारण चिकणमातीच्या कणांना चिकटलेले सोडियम त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. उजवीकडच्या नळीत चिमूटभर जिप्सम घातले आहे. कण एकमेकांजवळ येत आहेत, त्यांचे पुंजके होत आहेत आणि ते तळाशी बसू लागले आहेत. वरचे पाणी आरपार दिसू लागले आहे. जमिनीतही नेमके हेच घडते. कॅल्शियम सोडियमची जागा घेते, कणांची रवाळ रचना तयार होते, वरची खपली सुटते आणि पाणी साचण्याऐवजी आत मुरते. सुटलेले सोडियम मात्र सल्फेटच्या रूपाने मुळांच्या कक्षेतच असते. ते वाहून नेण्यासाठी भरपूर पाणी आणि चांगला निचरा हवा. चर न काढता नुसते जिप्सम टाकणे म्हणजे अर्धेच काम करणे होय, आणि बागायतदारांची निराशा बहुतेक वेळा याच अर्ध्या कामातून होते, असे मला वाटते.

[दृश्य : पसरणी यंत्र ओळींमधून जाताना, मागे पांढरा पट्टा]

माल ओलसर असेल तर यंत्राच्या तोंडाशी तो अडकतो आणि पट्टा तुटक पडतो. फार कोरडा असेल तर वाऱ्याबरोबर उडतो. यंत्र चालवणारा माणूस दर दोन ओळींनंतर उतरून हाताने गठ्ठे फोडतो आहे. किती द्यायचे हे माती परीक्षणातल्या सोडियमच्या, आम्लतेच्या आणि थराच्या खोलीच्या आकड्यांवरून ठरते. एका बागेचा आकडा दुसऱ्या बागेला लागू पडत नाही. गरजेपेक्षा जास्त दिले, तर कॅल्शियम मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांना खाली ढकलते आणि जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा येतो.

सफरचंदाच्या सालीवर उठणारे हे तपकिरी, खोलगट ठिपके फळातल्या कॅल्शियमच्या कमतरतेशी जोडलेले आहेत. म्हणून जमिनीत जिप्सम टाकले की ठिपके जातील, अशी समजूत सहज होते. कॅल्शियम मात्र झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते आणि तो प्रवाह फळांपेक्षा पानांकडे अधिक वळतो. त्यामुळे जमिनीत पुरेसे कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहू शकते, आणि त्यासाठी फळांवर थेट फवारणी करावीच लागते. जिप्ससारख्या भूसुधारकाकडून, म्हणजे माती सुधारणाऱ्या द्रव्याकडून, त्याच्या आवाक्यातलेच काम मागावे, हा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण अवास्तव आशेपोटी एक चांगले द्रव्य बदनाम होते.

[दृश्य : वेगवेगळे ढीग – राख, साखर कारखान्याची मळी, कागद गिरणीचा गाळ]

उरलेले ढीगही बागेच्या वाटेवर आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. साखर कारखान्यात रस चुना आणि गंधकाच्या वायूने शुद्ध केला असेल तर ती मळी चोपण जमिनीला मानवते. चुना आणि कार्बन डायऑक्साइडने केला असेल तर तिच्यात चुनखडी फार असते आणि ती आंबट जमिनीतच शोभते. कागद गिरणीचा गाळ कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो. कोळशाच्या राखेतले बोरॉन फळझाडांना लवकर बाधते. फॉस्फोरिक ॲसिडच्या कारखान्यातून निघणारे जिप्समही दिसायला असेच पांढरे असते, मात्र त्यात रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य उतरलेले असू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली शेतीत वापरायच्या अशा जिप्समसाठी दर ग्रॅमला सरासरी १० पिकोक्युरी (किरणोत्साराचे एकक) रेडियम-२२६ ही कमाल मर्यादा घातली. रंग पाहून ढीग निवडता येत नाही. प्रत्येक खेपेची पारा, कॅडमियम, शिसे आणि आर्सेनिक यांसाठी तपासणी हवी.

ढिगाइतकीच बागेचीही तपासणी आवश्यक आहे. सफरचंदाच्या बागांत फळ पोखरणाऱ्या अळीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४० च्या दशकापर्यंत लेड आर्सेनेट फवारले जात होते, आणि अशा जुन्या बागांच्या वरच्या मातीत त्यातले शिसे आणि आर्सेनिक आजही सापडते. तिथे फॉस्फरसयुक्त द्रव्य टाकले तर फॉस्फेट आर्सेनिकची जागा घेते आणि मोकळे झालेले आर्सेनिक खाली सरकते.

[दृश्य : माती काढण्याचा गिरमिट, पिशव्यांवर लिहिलेली खोली, चराची भिंत]

गिरमिट आता तिसऱ्यांदा खाली जात आहे. पहिली पिशवी वरच्या वीतभर थराची, दुसरी त्याखालची, आणि तिसरी त्या रेषेखालची, जिथे मुळी थांबली होती. पिशव्यांवर झाडाची ओळ, खोली आणि तारीख लिहिली जाते. याच ओळीत, जिप्सम दिल्यानंतरचे दोन पावसाळे गेल्यावर खणलेल्या या दुसऱ्या चरात, रेषेच्या हातभर खाली, ओल्या मातीत, दोऱ्याइतकी बारीक पांढरी मुळी आहे.