बिग बँग नेमका झाला कुठं? आत्याचा प्रश्न आणि भोगीची भाकरी

"एवढा मोठा स्फोट झाला म्हणतोस, मग झाला कुठं?"

नमस्कार मंडळी. हा प्रश्न माझ्या आत्याचा. ती नारायणगावाजवळ राहते, शाळा सातवीपर्यंत. भोगीचा दिवस होता. ती चुलीपुढं बसून बाजरीच्या भाकरी थापत होती आणि मी शहाण्यासारखा तिला विश्वाची उत्पत्ती समजावत होतो. या प्रश्नावर माझी दातखीळच बसली. कारण खरं सांगू? माझ्याही डोक्यात चित्र तेच होतं. सगळीकडं काळोख, मधोमध एक सुतळी बॉम्ब, आणि धडाम!

हे चित्रच चुकीचं आहे, आणि निम्मा दोष नावाचा. 'बिग बँग' हे नाव दिलं ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी, 1949 साली, बीबीसीच्या रेडिओवर बोलताना. गंमत म्हणजे हॉईलना ही कल्पना मान्यच नव्हती! विरोधकानं ठेवलेलं नाव चिकटलं, आणि आपण मराठीत त्याचा 'महास्फोट' करून त्या बॉम्बची वात आणखी पेटवली.

आता भाकरीकडे या. (कॅमेरा परातीवर)

भोगीच्या भाकरीला तीळ लावतात. आत्यानं अर्धवट थापलेल्या भाकरीवर तीळ भुरभुरले आणि पुन्हा थापायला घेतलं. आता एका तिळावर नजर ठेवा. शेजारचा तीळ एक बोट लांब होता, तो दोन बोटांवर गेला. पलीकडचा चार बोटांवर होता, तो तेवढ्याच वेळात आठ बोटांवर गेला. म्हणजे जवळचा एक बोट सरकला, लांबचा चार बोटं. 1929 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी दीर्घिकांबद्दल, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबद्दल, हेच दाखवलं: जी जितकी लांब, ती तितक्या वेगानं दूर चाललीय. (बेल्जियमचे पाद्री जॉर्ज लमेत्र यांनी हे 2 वर्षं आधीच मांडलं होतं, पण फ्रेंचमध्ये, एका आडवळणाच्या नियतकालिकात. कुणी फारसं वाचलंच नाही.)

आता दुसरा कुठलाही तीळ निवडा. त्यालाही हेच दिसेल. प्रत्येक तिळाला वाटतं, मी मध्यावर आणि बाकीचे माझ्यापासून पळतायत. म्हणून आत्याच्या प्रश्नाचं उत्तर: स्फोट 'तिकडं कुठंतरी' झालाच नाही. तो इथं झाला. या चुलीपाशी, तुमच्या सोफ्यावर, आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेत. तेव्हा या सगळ्या जागा एकमेकींना चिकटून होत्या, एवढंच.

मी खूश. आत्या मात्र नाही. "भाकरी परातीत पसरते. तुझं विश्व कशात पसरतं?"

घ्या! इथं उपमेचा दम संपतो. भाकरीला कड असते, खाली परात असते. विश्वाला कड असल्याचं आजवर दिसलेलं नाही, आणि पसरायला बाहेरची जागा लागतच नाही. दीर्घिकांच्या मधलं अंतरच वाढतं. आणि हो, तीळ स्वतः फुगत नाहीत. आपली दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं बांधलेली आहे, तेव्हा पँट घट्ट झाली तर विश्वाला दोष देऊ नका. आत्याला परातीचं काही पटलं नाही. मलाही पटायला वेळ लागला. समीकरणांना मात्र परात लागत नाही.

बरं, पुरावा काय? जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या आठवतात? एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, खालून दुसरा ओरडतोय, "अजून मुंग्याच!" त्या मुंग्यांमधला अगदी थोडा वाटा विश्वाच्या बालपणातून आलेला होता. 1964 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलला पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात अशीच खरखर येत होती. आत कबुतरांची जोडी राहायची, म्हणून त्यांनी विष्ठासुद्धा खरवडून काढली. खरखर गेली नाही. अँटेना कुठंही वळवा, तेवढीच! ती निघाली विश्व साधारण 3,80,000 वर्षांचं असतानाच्या प्रकाशाची उरलेली ऊब, आज सुमारे उणे 270 अंश सेल्सिअस. एका जागी बॉम्ब फुटला असता तर ऊब एका दिशेनं आली असती. ही सगळीकडून सारखीच येते. दोघांना 1978 मध्ये नोबेल मिळालं.

एक माणूस तरीही मानला नाही, आणि तो आपला. कोल्हापूरचे जयंत नारळीकर, हॉईल यांचे विद्यार्थी. बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगकडे गेले, पण नारळीकरांनी आपली शंका सोडली नाही. मराठी घरांत हा विषय पोचवला तोही त्यांनीच. मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मला हा सौदा फार आवडतो.

आणि 'त्याच्या आधी काय?' कॉमेंटमध्ये हाच येणार, ठाऊक आहे. अगदी सुरुवातीच्या क्षणाशी आजचं भौतिकशास्त्र थबकतं. 'वेदात बिग बँग आहे' असे फॉरवर्डही येतील. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त खरंच वाचा. ते दावा करत नाही. शेवटी विचारतं की हे त्या वरच्याला तरी माहीत असेल का, की त्यालाही नसेल. फॉरवर्डवाल्यांपेक्षा सूक्तकार जास्त प्रामाणिक वाटतो मला.

आत्याच्या गावाहून खोडद फार लांब नाही. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनचा क्षीण रेडिओ संकेत त्या टिपतात. म्हणून निघताना तिला सांगितलं, "आत्या, तू भाकरीवर पाण्याचा हात फिरवतेस ना, त्या पाण्यातला हायड्रोजन बिग बँगच्याच वेळचा. 1380 कोटी वर्षं जुना."

तिनं तांब्यात डोकावून पाहिलं.

"म्हणजे शिळंच की रे!"