नदीपलीकडची राजधानी

अमेरिकेतलं उत्तर न्यू मेक्सिको. रिओ ग्रांदे आणि चामा या नद्यांचा संगम. रिओ ग्रांदेच्या पश्चिमेला हा मातीचा उंचवटा. त्याच्यावर आज एकही भिंत उभी नाही. आजची राजधानी सांता फे, तिच्याही आधीची स्पॅनिशांची राजधानी इथे होती: सान गाब्रिएल.

पण त्याआधी इथे गाव होतं. युंगे ओविंगे. तेवा बोलणाऱ्या लोकांची माळवदी घरं, मक्याची शेतं. नदीच्या पूर्वेला त्यांचंच दुसरं गाव, ओहके ओविंगे.

जुलै 1598. स्पॅनिश वसाहतीचा म्होरक्या ह्वान दे ओन्याते सैनिक, बायकामुलं, पाद्री आणि हजारो जनावरं घेऊन आला. आधी तो पूर्वेच्या गावात उतरला, त्या गावाला सान ह्वान म्हणू लागला. मग सगळे नदी ओलांडून युंगेत शिरले. तिथल्या लोकांनी घरं सोडली आणि ते पैलतीरी गेले. याला कुणी पाहुणचार म्हणतात. दारात बंदूकधारी उभे असताना सोडलेल्या घराला मी पाहुणचार म्हणू शकत नाही.

घरं मिळाली, पण पोट भरेना. गावोगावचा मका आणि पांघरुणं वसूल होऊ लागली. 1599 च्या जानेवारीत अकोमा गावात ओन्यातेच्या सैनिकांनी शेकडो माणसं मारली. 1601 मध्ये ओन्याते दूरच्या गवताळ प्रदेशात गेलेला असताना बहुतेक वसाहतवाले मेक्सिकोकडे निघून गेले. 1610 च्या सुमारास राजधानी सांता फेला हलली.

1960 च्या आसपास पुरातत्त्वज्ञ फ्लॉरेन्स हॉली एलिस यांनी इथे उत्खनन केलं. मातीखालून साखळी चिलखताचे तुकडे निघाले, चकाकत्या स्पॅनिश भांड्यांची खापरं निघाली. आणि त्यांच्याच सोबत तेवा मडक्यांचीही.

पैलतीरावरचं गाव मात्र कधीच ओस पडलं नाही. त्याच गावचा पोपे, तेवा लोकांचा पुढारी. 1680 मध्ये त्याने गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठाव. स्पॅनिशांना बारा वर्षं हा मुलूख सोडावा लागला.

2005 मध्ये सान ह्वान हे नाव मागे पडलं. गाव पुन्हा ओहके ओविंगे झालं. त्याच वर्षी पोपेचा संगमरवरी पुतळा वॉशिंग्टनच्या संसद भवनात पोहोचला. हातात गाठींची दोरी. पाठीवर स्पॅनिशांच्या चाबकाचे वळ.