करारात कर्ता कोण?

अध्यक्षमहाराज, पाळकसाहेब आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘शास्त्रातील पाच करार : नोहापासून प्रभू येशूपर्यंत’. वेळ पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं हारतुऱ्यांत गेली. म्हणजे एका कराराला सात मिनिटं. बसवतो कसंतरी. पण त्याआधी एका सहाव्या कराराविषयी बोलू द्या, कारण त्यानं मला वर्षभर छळलंय.

गेल्या वर्षी आमच्या लेकीनं नोकरीच्या गावी भाड्यानं घर घेतलं. अकरा महिन्यांचं करारपत्र. एजंटानं ते मोबाइलवर पाठवलं आणि म्हणाला, “काका, वाचायची गरज नाही, सगळे सही करतात.” आता मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस. कागद हातात आला की मला मजकूर नंतर दिसतो. आधी दिसतो कर्ता. चष्मा लावून बसलो आणि मोजलं. कलमं तेवीस. त्यातल्या एकवीस कलमांत कर्ता एकच, भाडेकरू. भाडेकरू खिळा ठोकणार नाही, भाडेकरू पाहुणा ठेवणार नाही, भाडेकरू रंग काढून देईल. घरमालक कर्ता असलेली वाक्यं दोन : तो भाडं घेईल, आणि वाटेल तेव्हा येऊन घर बघेल.

पहिल्याच पावसात छत गळायला लागलं. मी फोन केला. घरमालक शांतपणे म्हणाले, “कलम चौदा बघा. आतली दुरुस्ती भाडेकरूकडे.” मी म्हटलं, “अहो, छत बाहेरून फुटलंय.” तर म्हणाले, “पण पाणी आत पडतंय ना?” हसू नका, त्या बादल्या मी स्वतः ओतल्यात. डिपॉझिटाचं पुढे काय झालं ते सांगत नाही, पाळकसाहेब समोर बसलेत.

त्या रात्री, टपटप चालू असताना, मी सवयीनं शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, उघडलं आणि डोक्यात आलं की, आपण या पुस्तकाचे भाग पाडतो ते ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ असे. मग इथे कर्ता कोण?

‘करार’ हा शब्द आपल्याकडे आला अरबीतून, फारसीच्या वाटेनं. कचेरीतला शब्द. स्थिर झालेलं, ठरलेलं ते करार. ज्याला तेवढीही स्थिरता नाही तो बेकरार. तो शब्द तुम्ही शास्त्रापेक्षा गाण्यांत जास्त ऐकलाय. जुन्या कराराची मूळ भाषा इब्री, म्हणजे हिब्रू. तिच्यातला शब्द आहे ‘बेरीत’, आणि त्याच्याशी येणारं क्रियापद बघा : इब्री माणूस करार करत नाही, करार कापतो. ‘कारत बेरीत’. आपल्याकडे उलटं आहे. काडीमोड म्हणजे काडी मोडली की नातं संपलं. तिथे कापलं की नातं जुळतं. जवळचा मराठी शब्द शोधायला गेलो तर हाती लागला ‘तोडपाणी’. तो मी पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून मागे घेतो.

मिठाचं मात्र जमतं. शास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ‘मिठाचा करार’ आहे, म्हणजे कायमचा, न नासणारा. एज्राच्या चौथ्या अध्यायात राजाचे अधिकारी लिहितात की आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, म्हणून राजाचा अपमान आम्हाला बघवत नाही. हे वाक्य कोणा मराठी माणसाला समजावून सांगावं लागेल का? खाल्ल्या मिठाला जागणं, दुसरं काय! आणि याकोब व लाबान, सासरा-जावई, एकमेकांना वीस वर्षं फसवून झाल्यावर दगडांची रास रचतात आणि तिथेच जेवायला बसतात. सह्या नाहीत. दगड साक्षीला आणि जेवण पोटात. आपले लोक शपथेला बेलभंडारा उचलत, तो याच जातीचा प्रकार. आपल्या घरमालकानं साधा चहा पाजला असता तरी मी कलम चौदा विसरलो असतो.

हां, चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. आता पळतो.

नोहाचा करार, जलप्रलयानंतरचा : देव मेघांत धनुष्य ठेवतो. इब्रीत ‘केशेत’ म्हणजे लढाईतलंच धनुष्य. आपण त्याला इंद्राचं करून टाकलं, पण धनुष्य हे आपल्यालाही दिसलं. नोहाला त्या करारात सही सोडा, बोलायलाही एक वाक्य नाही.

सीनायचा करार, म्हणजे सीनाय डोंगरावर मोशेच्या हातून इस्राएलाशी झालेला : १९०६ साली तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती या प्राचीन साम्राज्याच्या राजांचं दप्तर सापडायला लागलं. मातीच्या पाट्या, त्यांत मांडलिक राजांशी केलेले तह. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल या अभ्यासकानं दाखवलं की त्या तहांची बांधणी आणि सीनायची बांधणी जुळते. आधी महाराजांचं नाव, मग त्यांनी केलेले उपकार, मग अटी, मग देवांची साक्ष, मग आशीर्वाद आणि शाप. दहा आज्ञा आठवा. सुरुवात आज्ञेनं नाही. ‘मी तुला मिसर देशातून बाहेर काढलं.’ पहिल्या वाक्याचा कर्ता देणारा आहे! आमच्या करारपत्रात पहिलं वाक्य डिपॉझिटाचं होतं. पण हित्ती तहांत शपथ वाहायची ती बहुधा मांडलिकानं. शाप त्याच्या डोक्यावर. म्हणजे कलम चौदा तिथेही होतंच.

दावीदाचा करार, दुसरं शमुवेल, सातवा अध्याय : दावीद म्हणतो मी देवाला घर बांधतो, देव म्हणतो मीच तुझं घराणं उभारतो. इब्रीत दोन्हीला एकच शब्द, जसं आपलं ‘घर’ आणि ‘घराणं’. याचं बाकीचं पुढच्या वर्षी सांगेन.

आता राहिला अब्राहाम, ज्याच्यासाठी मी खरं तर आलोय. उत्पत्ती, पंधरावा अध्याय. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला, पारव्याचं एक पिलू. पाखरं सोडून बाकीची मधोमध चिरून समोरासमोर ठेवायची. का? उत्तर यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. सिद्कीया राजाच्या काळात वेढा पडल्यावर यरुशलेमच्या लोकांनी दास सोडायचा करार केला, वासरू चिरून त्याच्या तुकड्यांमधून चालत गेले, आणि मग ते दास परत धरून आणले. देव म्हणतो, तुमचं त्या वासरासारखं करीन. म्हणजे तुकड्यांमधून चालणं ही शपथ : मी मोडला तर माझं असं होवो. सीरियातल्या सफीरेच्या शिलालेखांत, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, हेच आहे. हे वासरू चिरलं जातं तसा तो राजा चिरला जावो.

मग अब्रामाच्या (अब्राहामाचं हे आधीचं नाव) त्या तुकड्यांमधून कोण चाललं? धुराची शेगडी आणि जळती मशाल. म्हणजे देव. अब्राम नाही. शाप ज्यानं उचलायचा तो बाजूला, आणि महाराज स्वतः मधून चाललेत! उत्पत्तीच्या या विधीत शापाचा अर्थ नाहीच असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. त्यांच्याशी भांडायला वेळ हवा होता, तो मी छतावर घालवला.

पाचवा, नवा करार. यिर्मया एकतीस, लूक बावीस, ‘माझ्या रक्तातला नवा करार’. एवढंच सांगतो की ग्रीक भाषांतरकारांपुढे ‘बेरीत’साठी ‘सिंथेके’ हा दोन बाजूंच्या समझोत्याचा शब्द होता. त्यांनी घेतला ‘दियाथेके’, म्हणजे मृत्युपत्रही. मृत्युपत्रात घेणारा सही करत नाही. इब्रीकरांस पत्राचा नववा अध्याय या शब्दावरच चालतो. तो वाचा...

हो, हो, बसतो. फक्त गृहपाठ. घरी पंधरावा अध्याय काढा, पेन्सिलीनं निवेदनातल्या कर्त्यांखाली रेघ मारा. अकराव्या वचनात प्रेतांवर घारी उतरतात आणि अब्राम त्यांना हाकलतो. बाराव्यात ‘अब्रामाला गाढ झोप लागली’. लागली कोण? झोप. अब्राम चतुर्थी विभक्तीत. त्यापुढे तो कुठे कर्ता म्हणून सापडला तर मला फाटकाशी येऊन सांगा, रिक्षा मिळेपर्यंत मी तिथेच आहे.