शेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्या

पडद्यावर दिसणारे हे यंत्र ही एक प्रतिकृती आहे. एका ओळीत ३० खटके आहेत. पहिल्यावर १५ व्होल्ट लिहिलेले आहे आणि पंधरा-पंधराने चढत शेवटच्या खटक्यावर ४५० हा आकडा येतो. खाली 'सौम्य धक्का' पासून 'धोका : तीव्र धक्का' पर्यंतच्या पाट्या आहेत; अखेरच्या दोन खटक्यांपाशी शब्दही उरत नाहीत, नुसत्या फुल्या दिसतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांत असे यंत्र वापरले होते. शेजारच्या खोलीतील माणसाचे उत्तर चुकले की पुढचा खटका दाबून त्याला विजेचा धक्का द्यायचा, एवढेच काम होते. धक्के खोटे होते आणि पलीकडे ओरडणारा तो माणूस प्रयोगात सामील होता. खटके दाबणाऱ्याला मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते.

यंत्रासमोर एकटे बसलेल्या ४० जणांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, ही हकिगत बहुतेकांना माहीत असते. आम्हाला अधिक मोलाची वाटते ती याच मालिकेतील, क्वचितच सांगितली जाणारी दुसरी मांडणी.

तेथे तीन खुर्च्या होत्या. पहिला माणूस प्रश्न वाचत असे, दुसरा उत्तर बरोबर की चूक ते सांगत असे आणि तिसरा खटका दाबत असे. पहिले दोघे ठरवून बसवलेले होते. १५० व्होल्टला पहिला उठला, पुढे जाण्यास नकार देऊन खोलीत दुसरीकडे जाऊन बसला. प्रयोगकर्त्याने उरलेल्या दोघांना काम चालू ठेवण्यास सांगितले. २१० व्होल्टला दुसराही उठला. आता यंत्रापुढे तिसरा एकटाच होता, आणि त्याच्या शेजारी या दोन रिकाम्या खुर्च्या. अशा ४० जणांपैकी ३६ जणांनी शेवट येण्याआधीच हात आखडता घेतला.

सदसद्विवेक एकट्या बसलेल्यांजवळही होता. घाम पुसत, हरकत घेत त्यांतील कित्येकांनी खटके दाबले होते. नकार देता येतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी करून दाखवले नव्हते, एवढाच फरक होता. उलटही घडले : खटका दुसऱ्याने दाबायचा आणि आपण केवळ जोडकाम करायचे, अशी मांडणी होताच ४० पैकी ३७ जण अखेरपर्यंत बसून राहिले. या प्रयोगांनी सहभागी माणसांना दिलेल्या मानसिक त्रासावर पुढे कठोर टीका झाली.

तीन खुर्च्यांच्या मांडणीत थांबलेल्यांना नंतर विचारण्यात आले. ते दोघे उठले नसते तरीही आपण थांबलोच असतो, असे त्यांच्यातील अनेकांनी सांगितले.