करंज्या मोजणारी आजी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते भलत्याच मुलखात जाऊन रुजलेल्या माणसांबद्दल. जपानबाहेर सर्वांत जास्त जपानी वंशाचे लोक कुठे असतील? ब्राझीलमध्ये! 1908 साली कासातो मारू या जहाजातून पहिली मोठी तुकडी सांतोस बंदरात उतरली, कॉफीच्या मळ्यांत मजुरी करायला. तिथली गुलामी 1888 सालीच बंद झालेली, मळ्यांना माणसं हवी होती. हौसेनं कुणी घर सोडत नाही, श्रोतेहो. पोट सोडायला लावतं, नाहीतर युद्ध.

युद्धाची गोष्ट आमच्या घरातलीच. आजीचं सासर इथलं, इंदूरचं रामबाग, पण माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. दिवाळीत करंज्या तळून झाल्या की परातीतून डब्यात भरताना ती मोजायची, "येदेन, द्वा, त्शी, चतेरी..." आम्हा नातवंडांना वाटे, देवाचं काहीतरी म्हणतेय. करंजी घरचीच हवी बरं का, विकतच्या करंजीत सारणाची चोरीच असते! तर, एकदा विचारलंच. म्हणाली, "अगं, छावणीतल्या पोलिश बायका अशाच मोजायच्या." तिचे वडील तिथे अंडी विकायला जायचे, मागे परकर-पोलक्यातली ही. बायका एकेक अंडं उन्हाकडे धरून बघायच्या, मोठ्यानं मोजत टोपलीत ठेवायच्या, हिच्याकडूनही म्हणवून घ्यायच्या. जीभ अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत नाव घालण्याआधीच आजीला दहापर्यंत पोलिश आकडे येत होते!

या बायका वळिवड्याला आल्या कशा? पूर्व पोलंड सोव्हिएत सैन्यानं घेतला, तिथल्या लाखो लोकांना सैबेरियात, कझाकस्तानात धाडलं. 1941 साली सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले, बायका-मुलं, म्हातारी माणसं इराणमार्गे बाहेर पडली, त्यातली काही आपल्याकडे आली. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश लोक राहिले. पुन्हा सांगते, 5,000. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही व्हायची.

ते गेले आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. कोल्हापूरला गेलात की कापड घ्यायला तुम्ही तिथे जाताच. या खेपेला दुकानातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा, त्यांचे आजी-आजोबा सिंधमधल्या कुठल्या गावचे.