खाली अक्षरं का नाहीत?

मंडळींनू, नमस्कार.

मघाशी आपण गावच्या जत्रेतल्या दशावताराचं चित्रीकरण लावलं. त्यातला विनोदी राक्षस संकासूर बोलायला लागला, पुढच्या खुर्च्यांतले आजी-आजोबा पोट धरून हसले, आणि तिसऱ्या रांगेतली नऊ वर्षांची मुलगी आईला म्हणाली, "जपानी कार्टूनला खाली अक्षरं असतात. आपल्याला का नाहीत?"

ती मुलगी सबटायटल्सबद्दल बोलत होती, आणि बरोबर बोलली.

राज कपूरचा हिंदी 'आवारा' १९५१ चा. १९५४ मध्ये तो सोव्हिएत संघात लागला, पण तसाच उचलून नाही. नाव 'ब्रोद्यागा' झालं, संवाद रशियनमध्ये आले, गाणी तेवढी हिंदीत राहिली. ६ कोटींवर तिकिटं खपली. रजनीकांतचा तमिळ 'मुथू' १९९८ मध्ये जपानमध्ये गेला, तेव्हा त्यांनी नावातच 'नाचणारा महाराजा' जोडलं. उत्तर नायजेरियात तर हिंदी सिनेमाच्या चालींवर हौसा भाषेत भक्तिगीतं बांधली गेली. आपल्या डबलबारीतले, म्हणजे भजनाच्या सामन्यातले, बुवा भजनातल्या गजराला सिनेमाची चाल लावतात, अगदी तसंच. चाल आपली आपण पोचते हो, बोलणं पोचतं करावं लागतं. आणि संकासूर तर सगळा बोलण्याचाच.

आता हे सबटायटल्सचं काम कसं करायचं ते ऐका. दशावताराला लिहिलेले संवाद नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात. म्हणून आधी ऐकून ऐकून मालवणी जशीच्या तशी उतरवायची, मग इंग्रजी, आणि कुठली ओळ कधी दिसायची त्या वेळा सगळ्यात शेवटी. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, पडद्यावर निदान १ सेकंद, फार तर ६-७. सगळं मावत नाही, कापावंच लागतं. विनोदाचा शेवट नटाच्या आधी खाली दिसला तर हशा मेलाच. तिथे वाक्य तोडून दुसरा भाग पुढच्या वेळेवर टाकायचा. देवनागरी ओळीही ठेवणार असाल तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा, नाहीतर भलतीच चिन्हं उमटतात. आणि वेळा त्याच प्रतीवरून लावा जी दाखवायची आहे. सेकंदाला २४ फ्रेमची प्रत २५ नं चालली, तर दोन तासांत जवळजवळ ५ मिनिटांचा फरक पडतो.

गणपतीच्या मखरासाठी आपण रात्र रात्र जागतो. या कामाला मात्र चार माणसं बसत नाहीत, हे मला बोलावंच लागतं. मालवणी नीट कळणारे कान इथे सत्तरीपुढचे, टाइप करणारे हात तिशीतले. दोघं एका टेबलाशी याच वर्षी बसायला हवेत.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला, म्हणजे मागणीला, सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तिथे खाली काय लिहायचं? नुसतं 'हो' लिहिलं तर देवापुढची आर्जव जाते. काहीच नाही लिहिलं, तर ती मुलगी पुन्हा आईकडे वळून बघणार.